एका रात्रीत दोन सीटी : नवजात बाळाच्या डोक्याची तपासणी, किरणमात्रा आणि प्रतिमेची स्पष्टता

सांगली आणि मिरज यांच्या मधल्या पट्ट्यातील एका रुग्णालयात मी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करतो. तेथे दोन दिवसांच्या एका बाळाच्या डोक्याचा सीटी स्कॅन एकाच रात्री, वीस मिनिटांच्या अंतराने, दोनदा काढला गेला. दुसरा स्कॅन माझ्या सांगण्यावरून झाला. त्याची गरज नव्हती, हे मला त्यानंतर दोन दिवसांनी कळले. बाळाची ओळख पटू नये इतपत तपशील येथे मोघम ठेवले आहेत.

बाळ जत तालुक्यातले. आईचे पहिलेच बाळंतपण, ३८ आठवडे पूर्ण, वजन २.७ किलो. कळा लांबल्यामुळे व्हॅक्यूम लावून प्रसूती करावी लागली आणि जन्मानंतर काही तासांतच बाळाच्या डोक्यावर मऊ, पसरत जाणारी सूज दिसू लागली. तिसाव्या तासाला पहिला झटका आला. बाळ पांढरे पडत चालले होते. जन्मानंतर १५ ग्रॅम असलेले हिमोग्लोबिन ९.४ पर्यंत उतरले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्व के दिल्याची नोंद नीट केली होती, श्वासनलिकेत नळी घालून बाळाला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवले आणि दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर ते रविवारी रात्री आमच्या नवजात अतिदक्षता विभागात पोहोचले. रक्त चढवणे, झटक्यांचे औषध, व्हेंटिलेटर ही कामे लगेच सुरू झाली. बालरोगतज्ज्ञांपुढे प्रश्न एकच होता, आणि तो नेमका होता: कवटीच्या आत रक्तस्राव आहे का, आणि असल्यास मेंदूच्या शल्यचिकित्सकाला आताच बोलवावे लागेल इतका आहे का?

नवजात बाळाच्या मेंदूसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच, कारण टाळू उघडी असते, किरण लागत नाहीत आणि बाळाला जागेवरून हलवावे लागत नाही. ती झाली. मेंदूतील पोकळ्या नेहमीच्या आकाराच्या होत्या आणि मध्यरेषा सरकलेली नव्हती. मात्र पुढच्या टाळूतून पाहताना कवटीच्या कडेला लागून असलेला रक्ताचा पातळ थर आणि लहान मेंदूभोवतीची मागची जागा नीट दिसत नाही, आणि व्हॅक्यूमच्या प्रसूतीनंतर रक्त साचते ते बहुतेकदा याच ठिकाणी. कानामागच्या टाळूवर प्रोब ठेवून ही मागची जागा बऱ्यापैकी पाहता येते. त्या रात्री ते कोणी केले नाही. घाईत राहून गेले, एवढेच त्याचे प्रामाणिक स्पष्टीकरण आहे.

एमआरआय ही या प्रश्नासाठी सर्वांत चांगली आणि किरणविरहित तपासणी आहे, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. परंतु चुंबकाच्या खोलीत चालणारा व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता, आणि अर्धा-पाऊण तास हाताने श्वास देत, झटके येणारे, रक्त कमी झालेले बाळ त्या बोगद्यात ठेवण्यास कोणीही धजावले नसते. पुण्याला पाठवायचे तर रस्त्याचे चार-पाच तास. अशा परिस्थितीत सीटीचा निर्णय योग्य होता, असे मी आजही म्हणेन. रुग्णासाठी किरणांची कायदेशीर कमाल मर्यादा नसते. ती कर्मचाऱ्यांसाठी आणि जनतेसाठी असते. रुग्णाच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहायच्या असतात: तपासणीची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास ती गरजेपुरत्याच मात्रेत होते आहे का. पहिल्या कसोटीला आम्ही उतरलो.

सीटीच्या खोलीत वातानुकूलन जोरात असते, कारण यंत्राला गारवा लागतो आणि बाळाला ऊब. टेक्निशियनने वातानुकूलन बंद केले, परिचारिकेने बाळाला गुंडाळले, बालरोग विभागातील निवासी डॉक्टर पिशवीने श्वास देत उभी राहिली. यंत्राच्या पडद्यावरील यादीत ‘नवजात – डोके’ नावाचा एकच प्रोटोकॉल, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या मांडणीचा संच, होता. टेक्निशियनने तोच निवडला आणि त्याच्या जागी मी असतो तरी तोच निवडला असता. ८० केव्ही (किरणनळीचा विद्युतदाब), १०० एमएएस (नळीतील प्रवाह गुणिले वेळ, म्हणजे किरणांचे प्रमाण), हेलिकल पद्धत (टेबल सरकत असताना नळी सलग फिरते), १ मिलिमीटरचे काप. पडद्यावर मात्रेचा आकडा आला ६.५ मिलीग्रे (किरणमात्रेचे एकक). बाळाचे डोके मोठ्यांच्या डोक्यासाठी बनवलेल्या खोलगट आधारात ठेवल्यामुळे यंत्राच्या केंद्रापेक्षा दोनेक सेंटिमीटर खाली राहिले होते. केंद्र चुकले की किरणांना आकार देणारे गाळणीपट्ट चुकीच्या जागी लागू पडते आणि प्रतिमा आणखी खराब होते. पण त्या रात्रीची मुख्य अडचण ही नव्हती.

मी विश्रामबागेत घरी होतो. टेक्निशियनने पडद्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. वाळू सांडल्यासारखी दाणेदार चित्रे होती. लहान मेंदूच्या वर, त्याला मोठ्या मेंदूपासून वेगळे करणाऱ्या टेंटोरियम नावाच्या पडद्यालगत, काहीतरी पांढुरके असल्याची शंका येत होती. पण नवजात बाळाचे रक्त मुळातच दाट आणि मेंदू पाणीदार, त्यामुळे तिथल्या शिरा निरोगी बाळातही पांढऱ्या उठून दिसतात. रक्तस्राव की नुसती शीर, हे त्या चित्रावरून सांगणे शक्य नव्हते. बालरोगतज्ज्ञ फोनवर म्हणाले, “सर, यावर मी सर्जनना काय सांगू?” मी म्हणालो, “मात्रा कमी पडली आहे. बाळ टेबलावरच असू द्या, १०० केव्ही आणि १५० एमएएसवर परत घ्या, ५ मिलिमीटरचे काप करा.” परत घेतला गेला. या वेळी काप सुटे-सुटे, एकामागून एक घेतले. मात्रा १८ मिलीग्रे. चित्र स्वच्छ आले. टेंटोरियमच्या खालच्या बाजूला सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा रक्ताचा थर होता, लहान मेंदूपुढची चौथी पोकळी मोकळी होती, पाणी तुंबल्याची चिन्हे नव्हती. शस्त्रक्रिया लागणार नव्हती. बाळ परत अतिदक्षता विभागात पोहोचले तेव्हा त्याचे तापमान ३५.९ अंश सेल्सिअस होते, त्या खोलीतल्या वाढीव वीस मिनिटांची किंमत मिलीग्रेच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

सोमवार कामात गेला. मंगळवारी मी यंत्रासमोर बसलो तो त्या प्रोटोकॉलबद्दल तक्रार लिहिण्याच्या तयारीने. इतका कमी एमएएस कोणी ठरवला, हे शोधायचे होते. शोध फार लांब गेला नाही: तो मीच ठरवला होता. दोन वर्षांपूर्वी कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेल्या एका बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी हाडांचे त्रिमितीय चित्र हवे होते. हाड आणि मऊ भाग यांच्या घनतेत शेकडो हाऊन्सफील्ड एककांचा (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) फरक असतो, त्यामुळे हाडासाठी अगदी कमी मात्रा पुरते आणि काप मात्र बारीक लागतात. त्या कामासाठी प्रोटोकॉल उत्तम होता. साठवताना मी त्याला नाव दिले ‘नवजात – डोके’. ‘हाड’ हा शब्द लिहायचा राहिला, आणि यादीत नवजातांसाठी दुसरा पर्यायच नसल्यामुळे मध्यरात्री आलेल्या प्रत्येक बाळासाठी तोच लागू झाला.

इथपर्यंत ही नाव चुकल्याची गोष्ट होती. पुढे जे आढळले ते मला अधिक टोचले.

पहिल्या स्कॅनची मूळ मोजमापे, ज्यांना आम्ही रॉ डेटा म्हणतो, अजून यंत्राच्या स्मृतीत होती. मी त्यांच्यातूनच, बाळाला नव्याने एकही किरण न देता, ५ मिलिमीटर जाडीची चित्रे तयार केली. आडवी आणि समोरून पाहिल्यासारखी उभी, अशी दोन्ही. टेंटोरियमचा पडदा तिरपा असल्यामुळे जाड आडव्या कापात त्याच्या कडा शेजारच्या मेंदूत मिसळून पुसट होतात. उभ्या कापात तो तंबूसारखा सरळ दिसतो. त्या उभ्या चित्रात रक्ताचा थर दिसत होता. दुसऱ्या स्कॅनइतका देखणा नाही, पण निःसंशय. जाडी मोजता येत होती, चौथी पोकळी मोकळी असल्याचे सांगता येत होते. बालरोगतज्ज्ञांनी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर पहिल्याच स्कॅनमध्ये होते आणि मी ते १ मिलिमीटरच्या फोडींमध्ये, सहा इंची पडद्यावर शोधत होतो.

याचे गणित साधे आहे आणि ते आम्हा सर्वांना शिकवलेले असते. प्रतिमेतील दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, हा त्या कापातून आरपार येऊन नोंदल्या गेलेल्या किरणकणांच्या संख्येवर अवलंबून असतो आणि त्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मात्रा चौपट केली तर दाणेदारपणा निम्मा होतो. कापाची जाडी चौपट केली तरीही निम्माच होतो, कारण प्रत्येक कापाच्या वाट्याला चौपट कण येतात. पहिला मार्ग बाळाच्या खर्चाने जातो, दुसरा आपण पाहू शकणाऱ्या बारकाव्याच्या खर्चाने. मेंदूच्या एकसारख्या दिसणाऱ्या भागावर वर्तुळ ठेवून मी मोजले: पहिल्या स्कॅनच्या १ मिलिमीटर कापात चढउतार सुमारे ११ हाऊन्सफील्ड एकके, त्याच स्कॅनच्या ५ मिलिमीटर कापात सुमारे ५, दुसऱ्या स्कॅनच्या ५ मिलिमीटर कापात सुमारे ३. पाचाचे वर्गमूळ २.२४, ११ ला त्याने भागले की ४.९ येतात. पुस्तकातले गणित एखाद्या बाळाच्या डोक्यात इतके चोख उतरलेले पाहून एरवी समाधान वाटले असते.

आता हे आकडे प्रश्नाशेजारी ठेवून पाहावेत. साकळलेले ताजे रक्त साधारण ५० ते ७० हाऊन्सफील्डचे असते. या बाळाचे हिमोग्लोबिन उतरलेले असल्याने ते खालच्या बाजूस असणार. नवजात मेंदू पाणी जास्त असल्यामुळे मोठ्यांच्या मेंदूपेक्षा बराच काळसर, ढोबळमानाने ३० च्या आसपास. म्हणजे फरक वीसेक एककांचा. ११ च्या चढउतारात वीस एककांचा पातळ थर हरवतो, ५ च्या चढउतारात तो सापडतो, आणि ३ पर्यंत उतरण्याची या प्रश्नाला गरजच नव्हती. तीच गरज करड्या आणि पांढऱ्या द्रव्यातला फरक पाहायचा असता तर होती, कारण तो फरक नवजात मेंदूत फारच थोड्या एककांचा असतो. प्राणवायू कमी पडून झालेली इजा शोधताना ६.५ मिलीग्रेचे चित्र कितीही जाड काप केले तरी अपुरे ठरले असते. पण त्या इजेचा शोध हे सीटीचे काम नव्हेच, त्यासाठी बाळ स्थिर झाल्यावर एमआरआय करायचा असतो. ‘चित्र चांगले आले का’ हा प्रश्न, कशासाठी चांगले हे न सांगता विचारला की उत्तर नेहमी जास्त मात्रेच्या बाजूने जाते. डोळ्याला गुळगुळीत चित्र आवडते, त्याला इलाज नाही.

मात्रेच्या आकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण रुग्णालयांत ते बऱ्याचदा चुकीचे वाचले जातात. पडद्यावर दिसणारे मिलीग्रे हे बाळाला मिळालेले मिलीग्रे नसतात. डोक्याच्या तपासणीत तो आकडा १६ सेंटिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या दंडगोलावर बेतलेला असतो, आणि ३४ सेंटिमीटर घेराच्या नवजात डोक्याचा व्यास भरतो सुमारे ११ सेंटिमीटर. लहान डोक्यात आतल्या भागाला बाहेरच्या थरांचा आडोसा कमी, म्हणून प्रत्यक्ष मेंदूला मिळालेली मात्रा दाखवलेल्यापेक्षा काहीशी जास्तच धरावी लागते. त्याच कारणाने लहान डोक्याला मुळात कमी किरण पुरतात: मऊ ऊतींच्या साधारण दर चार सेंटिमीटरला किरणे निम्मी होतात, तेव्हा पाच-सहा सेंटिमीटर व्यास कमी असला की तेवढ्याच दाणेदारपणासाठी मोठ्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी मात्रा पुरते. छाती-पोटाच्या तपासणीत तर आणखी घोळ होतो, कारण काही यंत्रे बालकांसाठी १६ आणि काही ३२ सेंटिमीटरचा दंडगोल धरतात आणि एकाच किरणमात्रेचा आकडा एका यंत्रावर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट दिसतो.

या बाळापुरता हिशेब असा. पहिला स्कॅन हेलिकल असल्यामुळे डोक्याच्या दोन्ही टोकांना यंत्राने अर्धा-अर्धा फेरा जादा घेतला. १०-११ सेंटिमीटर डोक्यासाठी १४ सेंटिमीटर लांबी किरणांखाली आली. मोठ्या माणसाच्या छातीत हा जादा भाग किरकोळ असतो, नवजात डोक्यात तो चौथ्या हिश्शाजवळ जातो. ६.५ गुणिले १४, म्हणजे ९१ मिलीग्रे-सेंटिमीटर. दुसरा स्कॅन सुट्या कापांचा, ११ सेंटिमीटरचा: १९८. या आकड्यावरून मिलीसीव्हर्ट, म्हणजे शरीराला होऊ शकणाऱ्या हानीच्या दृष्टीने मोजलेली मात्रा, काढण्यासाठी नवजात डोक्याला वापरायचा गुणक ०.०११ आहे, प्रौढ डोक्यासाठी तोच ०.००२१ आहे, म्हणजे सारखाच आकडा पडद्यावर दिसला तरी नवजात शरीराच्या दृष्टीने तो पाचपट वजनाचा. त्यानुसार पहिला स्कॅन १ मिलीसीव्हर्ट, दुसरा २.२, एकूण ३.२. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलीसीव्हर्ट आहे.

युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये बालकांसाठी जे संदर्भस्तर प्रसिद्ध केले, त्यांत तीन महिन्यांखालील बाळाच्या डोक्यासाठी २४ मिलीग्रे आणि ३०० मिलीग्रे-सेंटिमीटर असे आकडे आहेत. आमचे दोन्ही स्कॅन सुटेसुटे त्याच्या आत बसतात. दोन्हींची बेरीज, २४.५ आणि २८९, जवळपास त्या रेषेवर येते. हे सांगून एखाद्या सभेत सुटका करून घेता येईल. पण संदर्भस्तर एका रुग्णासाठी नसतात, केंद्राच्या नेहमीच्या सरासरीशी ताडून पाहण्यासाठी असतात. माझ्या दृष्टीने ठरवणारा आकडा वेगळा आहे: बाळाला मिळालेल्या मिलीग्रेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मिलीग्रे अनावश्यक स्कॅनचे होते.

बुधवारी बाळाचे वडील भेटायला आले. त्यांच्यासोबत आजीही होत्या. वडिलांनी स्वतःहून विचारले, “साहेब, दोनदा फोटो काढला म्हणत्यात. पयला फेल गेला काय?” मी त्यांना सांगितले की पहिला फेल गेला नव्हता, तो नीट वाचायला मी चुकलो. आजींना त्यात रस नव्हता. त्यांनी विचारले, “लेकराला त्याचं काय बाधणार न्हाई न्हवं?” या प्रश्नाचे खरे उत्तर देणे अवघड असते, कारण ‘काहीच नाही’ म्हणणे खोटे आणि आकडा फेकणे निर्दय. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या पाहणीचा अंदाज असा होता की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दर १०,००० सीटी तपासण्यांमागे पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आढळतो. नंतरच्या युरोपीय अभ्यासांतही दिशा तीच राहिली. मी आजींना म्हणालो, “धोका फार लहान आहे, पण शून्य नाही, म्हणून यापुढे गरज नसताना सीटी करायचा नाही, आणि कोणी सांगितला तर हा कागद दाखवायचा.” त्या कागदावर दोन्ही स्कॅनची मात्रा लिहिली होती. वडिलांनी घडी घालून तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

यंत्रावर काय बदलले ते आता थोडक्यात. जुन्या प्रोटोकॉलचे नाव ‘नवजात – कवटीचे हाड’ झाले. ‘नवजात – रक्तस्राव’ हा नवा प्रोटोकॉल आम्ही १०० केव्ही, ९० एमएएस, सुटे काप, सुमारे ११ मिलीग्रे असा ठेवला. ६.५ वर निभावले होते हे दिसत असूनही मी ११ वर थांबलो. रात्री दोन वाजता, केंद्रापासून थोडे सरकलेले डोके आणि दमलेले डोळे यांच्यासाठी काही राखीव ठेवावे असे मला वाटते. आमच्या बालरोगतज्ज्ञांना हे भित्रेपणाचे वाटते आणि ८ पुरेल असे त्यांचे मत आहे. वाद मिटलेला नाही. बाळासाठी फोमचा लहान आधार शिवून घेतला. नवजात डोक्याची चित्रे आपोआप ५ मिलिमीटर जाडीत, आडवी आणि उभी, तयार होतात. बारीक काप मागितल्यावरच मिळतात. रॉ डेटा पुसण्याची मुदत यंत्राच्या मर्जीवर होती, ती आता सात दिवस आहे. फेरस्कॅन मागणाऱ्या डॉक्टरला टेक्निशियनने आधी विचारायचे, “जाड काप करून पाहिले का?” हा प्रश्न मलाही विचारायचा आहे, आणि पहिल्या महिन्यात तो दोनदा विचारला गेला.

बाळाच्या पोकळ्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवले, या वेळी कानामागच्या टाळूतूनही. तिसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून तो रक्ताचा थर स्पष्ट दिसला. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर निघालेल्या, दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाचा एमआरआय गुंगीच्या औषधाशिवाय झाला: थर आक्रसत होता, मेंदूच्या द्रव्यात इजा नव्हती. तिसऱ्या महिन्याला जतहून आणले तेव्हा डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढलेला होता. पुढची तपासणी सहाव्या महिन्यात आहे. सीटीची मागणी त्या तपासणीच्या पत्रात नाही.